सामायिक अक्षर

डॉक्टर नसरीन जमादार यांनी त्रिशलाच्या हृदयाचं चित्र पडद्यावर लावलं आणि पेनाचं टोक एका जागी टेकवलं.

"ही भिंत बघा. एवढी जाड असायला नको. आणि ह्या पांढुरक्या रेघा आहेत ना, ते व्रण. तिथला स्नायू संपलाय."

"किती दिवस आहेत?"

त्रिशला मगदूमला प्रश्न असे थेट विचारायची सवय होती. बावीस वर्षं ती वजनमापे खात्यात निरीक्षक होती. सांगलीच्या मार्केट यार्डात तिची गाडी वळली की दुकानदार एकमेकांना फोन करत. तोंडावर 'मॅडम', पाठीमागं 'काटेवाली'. 'मॅडम, एवढ्यानं काय होतंय?' हे वाक्य ऐकून तिचे कान किटले होते आणि 'एवढ्यानं' म्हणजे दहा ग्रॅम असले तरी तिनं काट्याला सील ठोकलं होतं. लग्न केलं नव्हतं. शेचाळिसावं चालू होतं. जिना चढताना धाप लागते म्हणून ती मिरजेला तपासायला आली होती.

"आठ-दहा महिने," डॉक्टर म्हणाल्या. "म्हणजे जगायचे नव्हेत, उपचाराचे. छातीत यंत्र बसवलं तर हृदय अचानक थांबल्यावर ते झटका देऊन चालू करेल. पण स्नायू झिजायचा तो झिजतच राहणार. तो थांबवायचा तर मुळातली चूक दुरुस्त करायला हवी, तीही व्रण निम्म्यावर जायच्या आत."

मुळातली चूक म्हणजे काय, ते त्यांनी नीट समजावून सांगितलं. माणसाच्या प्रत्येक पेशीत तीनशे कोटी अक्षरांचा मजकूर असतो. शरीरातली प्रत्येक गोष्ट कशी घडवायची, ते त्यात लिहिलेलं असतं. हृदयाच्या स्नायूची कृती अकरा वेगवेगळ्या ठिकाणी वाटून लिहिली आहे. त्यातल्या एका ठिकाणी चूक झाली की स्नायू वेडावाकडा वाढतो. चूक कधी एका अक्षराची असते, कधी ओळीच्या ओळी गायब असतात. आता असा रेणू बनवता येतो, की तो हृदयात सोडला की चुकीची जागा शोधून ती दुरुस्त करतो.

"पण त्याला जागा बरोबर सापडली पाहिजे," डॉक्टर म्हणाल्या. "एका गावात एकाच नावाची चार माणसं असली तर नवा पोस्टमन पत्र भलत्याच्या हातात देतो. तसाच हा रेणू सारखी दिसणारी दुसरी जागा बदलून बसला तर कॅन्सर होऊ शकतो. म्हणून आधी तुमचा सगळा मजकूर वाचावा लागेल. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत."

"मग वाचा."

"घरी कोण कोण आहे तुमच्या? रक्ताचं?"

त्रिशलाला तेव्हा उमगलं. तो कायदा तिला माहीत होता. सगळ्यांनाच होता. सात वर्षांपूर्वी एका हौशी माणसानं स्वतःचं वाचन करून घेतलं, ते कुठून तरी फुटलं आणि त्याच्या भावाबहिणींच्या, मुलांच्या नोकऱ्या गेल्या. त्यांनी स्वतःचं काहीच वाचून घेतलं नव्हतं. पण सख्ख्या भावंडांचा निम्मा मजकूर एकच असतो. एकाचं उघडलं की दुसऱ्याचं अर्धं उघडतं. असे खटले वाढत गेले आणि रक्तसंबंधी संमती कायदा आला. आईवडील, सख्खी भावंडं आणि सज्ञान मुलं यांच्यातल्या हयात असलेल्या प्रत्येकाच्या लेखी होकाराशिवाय कुणालाही स्वतःचं संपूर्ण वाचन करून घेता येणार नाही. लोक त्याला 'घरचा कायदा' म्हणत.

"हृदय एकदा बंद पडून गेलं असेल तर सूट आहे," डॉक्टर म्हणाल्या.

"म्हणजे आधी मरून दाखवायचं."

डॉक्टरांनी पडदा बंद केला.

आई सहा वर्षांपूर्वी गेली होती. वडील, आप्पा, त्याच्या कितीतरी आधी गेले होते. एक्कावन्नाव्या वर्षी, हळदीचे सौदे चालू असताना, पोत्यावर बसल्याबसल्या मान टाकली होती. उरला एक माणूस.

"एक भाऊ आहे," त्रिशला म्हणाली.

सन्मती मगदूम तिच्याहून सहा वर्षांनी मोठा. आप्पांची हळदीची पेढी त्यानं चौपट केली होती, शीतगृहं बांधली होती. अकरा वर्षांपूर्वी त्रिशलानं त्याच्या काट्याला सील ठोकलं होतं. पोत्यामागं दोनशे ग्रॅमचा फरक होता. भर यार्डात, हमालांच्या देखत. त्यानंतर भावंडं लग्नकार्यात आणि आईच्या अंत्यविधीला समोरासमोर आली, तेवढीच. बोलणं असायचं ते ऋजुताशी. ऋजुता त्याची एकुलती एक मुलगी. आईबापांशी न बोललेलं ती आत्याशी बोलायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्रिशला शीतगृहाच्या कचेरीत गेली. सन्मतीनं तिला बसायला सांगितलं नाही. ती बसली.

तिनं रिपोर्ट पुढं ठेवले, कागद ठेवला, सही कुठं करायची ते दाखवलं. तो रिपोर्ट न उघडताच बोलला.

"नाही जमायचं."

"वाच तरी."

"वाचायचं काय त्यात? आज गोपनीय म्हणतील, उद्या कुणीतरी विकेल. माझी पोरगी विमान चालवते. आत्याला हृदयाचा दोष म्हटल्यावर तिला कोण बसू देईल तिथं? चार वर्षं घासलंय तिनं."

"दादा, मी मरेन."

"यंत्र बसव की. कितीतरी लोक यंत्रावर जगतात." त्यानं खिडकीबाहेर बघितलं. "आणि उगाच बाऊ करू नकोस. एक अक्षर इकडचं तिकडं झालेलं असतंय. निम्म्या लोकांना तर जन्मभर बाधत पण नाही. मला बघ. आप्पांचं वय ओलांडलं मी."

"आप्पांनाही बाधलं नव्हतंच. त्या दिवसापर्यंत."

"माझ्या काट्याला सील ठोकताना कायदा कायदा करत होतीस," सन्मती म्हणाला. "आता कायदा माझ्या बाजूनं आहे. नाही म्हणायचा हक्क आहे मला. जा तू."

ती उठली. कागद टेबलावरच राहिला, तो त्यानं मागून हमालाकरवी गाडीत पाठवून दिला.

नकाराविरुद्ध दाद मागायला संमती न्यायाधिकरण होतं. त्रिशलानं चौकशी केली. निकालाला वर्ष-दीड वर्ष लागत होतं. तरी तिनं अर्ज भरायला घेतला. कचेरीत जेवणाच्या सुट्टीत ती एकेक रकाना भरत होती. 'दोषाचे स्वरूप, ज्ञात असल्यास' असा एक रकाना आला. तिनं 'अज्ञात' लिहिलं आणि पेन थांबलं.

अज्ञात. कुठल्या ठिकाणी चूक आहे, केवढी आहे, हे खुद्द डॉक्टरांना सांगता येत नव्हतं. मग दादा एक अक्षर कसं म्हणाला?

लोक काय बोलतात याच्यापेक्षा काय बोलून जातात, यावर बावीस वर्षं तिची नोकरी चालली होती. तिनं डॉक्टरांना फोन लावला.

"एकच अक्षर बदललंय आणि निम्म्याच लोकांना बाधतं, असा प्रकार असतो का ह्यात?"

"असतो. अकरातल्या एकाच ठिकाणी," डॉक्टर म्हणाल्या. "का? कुणी सांगितलं तुम्हाला?"

"नुसतं बघून, अंदाजानं सांगता येईल?"

"छे. वाचल्याशिवाय नाही."

त्या दिवशी चौदा जून होती. ती तारीख त्रिशलाच्या पुढं फार दिवस लक्षात राहणार होती. ती गाडी काढून तडक शीतगृहावर गेली. सन्मती आत, कोठाराच्या गारठ्यात माल बघत होता. तिनं हमालांना बाहेर जायला सांगितलं आणि ते तिच्या आवाजाला घाबरून गेलेही.

"कधी वाचून घेतलंस?"

सन्मतीनं हातातला पोत्याचा दोरा गुंडाळायला सुरुवात केली. "काय?"

"तुझं. माझा होकार न घेता. परदेशातच असणार, इथं कोण करून देईल. कधी?"

तो दोरा गुंडाळत राहिला. मग दोरा खाली टाकला.

"चार वर्षं झाली. ऋजुता विमानाचं शिकायला जायची म्हणाली तेव्हा. आप्पांचं मनात होतं माझ्या. म्हटलं, पोरीचे कष्ट वाया जायला नकोत."

"म्हणजे नुसतं तुझं नाही."

"नाही."

"तिला माहीत आहे?"

"तिचा दात घासायचा ब्रश नेला होता मी."

कोठारात थंडाव्याच्या यंत्राचा आवाज चालू होता. त्रिशलाला पुढचा प्रश्न विचारायची भीती वाटली. आयुष्यात तिला असं फारसं झालं नव्हतं.

"आहे तिच्यात?"

"आहे. माझ्यात आहे, तिच्यात आहे." सन्मती तिच्याकडं न बघता बोलत होता. "मी गोळ्या घेतो. तिचं दर वर्षी तपासतात, सगळं चांगलं येतंय. विमानात दोघं असतात चालवायला. मी सगळं बघून ठेवलंय."

"सत्तर माणसं बसतात त्या विमानात."

"मोजायला तुला कुणी सांगितलं नाही."

"चार वर्षं," त्रिशला म्हणाली. "तुला चार वर्षं माहीत आहे की हे घरात आहे. माझ्यातही असू शकतं, हे माहीत आहे. तेव्हा सांगितलं असतंस तर माझ्या हृदयावर एक रेघ नसती."

"आणि तू काय केलं असतंस? सील ठोकलं असतंस माझ्या पोरीवर."

ते खरं होतं.

मग सन्मती व्यापाऱ्यासारखा बोलायला लागला. तिनं तक्रार केली तर तो दोषी ठरेल, त्याचा नकाराचा हक्क जाईल, हे त्याला ठाऊक होतं. पण त्या निकालाला दीड वर्ष लागेल आणि तिच्याकडं दहा महिनेसुद्धा नाहीत, हेही त्याला ठाऊक होतं. तो आजच होकार द्यायला तयार होता. एकच अट. संमतीच्या कागदावर खाली एक ओळ असते: 'दोष आढळल्यास अन्य नातेवाइकांना कळवावे / कळवू नये'. त्याखाली दोघांच्या सह्या लागतात. तिथं 'कळवू नये' यावर खूण करायची आणि ऋजुताला एक अक्षर बोलायचं नाही.

"एकदा सही झाली की सांगणं गुन्हा आहे. कलम नऊ," तो म्हणाला. "आणि शेवटचं इंजेक्शन होईपर्यंत मला होकार मागं घेता येतो. तेही वाचून ठेव."

त्रिशलाला वाटत होतं की आपण इथून थेट कोल्हापूरला जावं, विमानतळाजवळ ऋजुता राहते त्या दोन खोल्यांत तिला गाठावं आणि सांगून मोकळं व्हावं. गाडीच्या चाव्या तिच्या मुठीत होत्या. छातीत काहीतरी मासोळीसारखं उलटलं आणि पुन्हा जाग्यावर आलं. ते गेला महिनाभर रोज होत होतं.

तीन महिन्यांचाच प्रश्न आहे, असं तिनं स्वतःला सांगितलं. दोघं असतात चालवायला. कायद्यानंही सांगता येत नाही. एवढ्यानं काय होतंय.

"पेन दे," ती म्हणाली.

वाचनाचा निकाल तीन आठवड्यांत आला. सातवं ठिकाण, एक अक्षर. रेणू बनायला आणखी दिवस गेले आणि जुलैच्या शेवटी मिरजेत पहिलं इंजेक्शन झालं. मध्ये महिना-महिना सोडून तीन घ्यायची होती. दर वेळी इंजेक्शनच्या आधी रुग्णालयातून सन्मतीच्या फोनवर संदेश जायचा, 'आपला होकार कायम आहे का?' आणि त्याचं उत्तर आल्याशिवाय औषध द्यायची परवानगी नव्हती. पहिल्या वेळी उत्तर लगेच आलं.

ऑगस्टमध्ये एका रविवारी ऋजुता त्रिशलाच्या घरी आली. पांढरा शर्ट, खांद्यावर दोन पट्ट्या. ड्यूटीवरून परस्पर आली होती. तिनं आत्यासाठी कंदी पेढे आणले होते आणि एक पाकीट.

"हे काय?"

"तिकीट. कोल्हापूर-हैदराबाद, येत्या शुक्रवारी सकाळचं. मी आहे त्या फेरीला. आई-बाबा दोघं बसून झाले. तूच राहिलीस."

त्रिशलानं पाकीट हातात घेतलं. सन्मती तिच्या विमानात बसला होता. म्हणजे तो बसू शकला होता.

"आत्ता नको गं. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलंय."

"सव्वा तास तर लागतो आत्या. मी विचारते डॉक्टरांना."

"नको म्हटलं ना."

ऋजुता दुखावली, पण हसली. मग पाय वर घेऊन सोफ्यावर बसली, पेढा तोंडात टाकला आणि ढगांच्या, धावपट्टीच्या, एका तिरसट कॅप्टनच्या गोष्टी सांगत राहिली. बोलता बोलता म्हणाली, "परवा उतरताना छातीत जरा धडधडलं. कॅप्टन म्हणाला, चहा कमी कर. खरंच फार होतो चहा माझा."

त्रिशला स्वयंपाकघरात गेली. नळ सोडून ओट्याला धरून उभी राहिली. तिच्या जिभेवर शब्द आले होते. बाहेर जाऊन दोन वाक्यं बोलायची होती. पण अजून दोन इंजेक्शनं बाकी होती.

ती बाहेर आली आणि म्हणाली, "चहा कमी कर मग."

ऋजुता येऊन गेल्याचं सन्मतीला कळलं. कसं, ते त्रिशलाला कळलं नाही. बहुधा ऋजुतानंच सांगितलं असेल, तिला लपवायचं कारणच नव्हतं. दुसऱ्या इंजेक्शनच्या दिवशी ती खाटेवर पडली होती, दंडात सुई टोचून ठेवली होती आणि सन्मतीचं उत्तर येत नव्हतं. एक तास झाला. दोन झाले. औषध शीतपेटीतून काढलेलं होतं आणि चार तासांत दिलं नाही तर फेकून द्यावं लागणार होतं. डॉक्टर जमादार दोनदा येऊन बघून गेल्या.

तिनं फोन लावला.

"काय बोललीस तिला?" सन्मतीनं आधी विचारलं.

"काही नाही."

"तिकीट का नाकारलंस? संशय येईल तिला."

"दादा, सुई लावून पडलेय मी."

"मी काय विचारलं?"

"काही बोलले नाही. पुढंही बोलणार नाही. आप्पांची शपथ घेऊ?"

"आप्पांचं नाव काढू नकोस," तो म्हणाला. "माझी परवानगी लागते तेव्हा बरा दादा आठवतो."

फोन बंद झाला. उत्तर यायला आणखी एक तास लागला. तोपर्यंत ती छताकडं बघत पडून राहिली. यार्डातला एकेक दुकानदार तिला आठवला. काटा उघडताना त्यांच्या चेहऱ्यावर जे असायचं, ते आता आपल्या चेहऱ्यावर आहे असं तिला वाटलं. आणि खरं सांगायचं तर तिला ऋजुताची त्या वेळी आठवण झाली नाही. उत्तर यावं, एवढंच तिला हवं होतं.

तिसरं इंजेक्शन बावीस सप्टेंबरला झालं. व्रण वाढायचे थांबले होते. "जाडी हळूहळू उतरेल," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही वाचलात."

तेवीस तारखेला सकाळी त्रिशला कोल्हापूरला गेली. ऋजुताची सुट्टी होती. ती ओले केस पुसत दारात आली आणि आत्याला बघून खूश झाली. त्रिशलानं तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. आप्पांपासून सुरुवात केली. सातवं ठिकाण, एक अक्षर, दात घासायचा ब्रश. मधे काही गाळलं नाही. आधी ठरवून ठेवलेली वाक्यं होती, ती संपेपर्यंत ती थांबली नाही.

ऋजुता टॉवेल मांडीवर घेऊन ऐकत होती. पहिल्यांदा तिनं विचारलं, "बाबांमध्येपण आहे?"

"आहे. ते गोळ्या घेतात."

"आणि मला नाही दिल्या."

ऋजुतानं टॉवेल बाजूला ठेवला.

"तुला कधी कळलं?"

हा प्रश्न येणार हे तिला माहीत होतं. 'परवा' म्हणता आलं असतं. सन्मती स्वतःहून खरी तारीख सांगायला येणार नव्हता आणि दुसऱ्या कुणाला ती माहीत नव्हती.

"चौदा जूनला."

ऋजुतानं फोन उचलला. तिच्या फोनवर प्रत्येक उड्डाणाची नोंद होती. ती शांतपणे बोटानं वर सरकवत गेली.

"एकशे ब्याऐंशी," ती म्हणाली. "चौदा जूनपासून एकशे ब्याऐंशी वेळा उडाले मी."

"तुझ्या बाबांनी होकार काढून घेतला असता. तीन इंजेक्शनं व्हायची होती."

"म्हणून तू माझ्या विमानात बसली नाहीस."

"ऋजू."

"बाबा तरी बसले," ऋजुता म्हणाली. "त्यांना कळत होतं आणि ते बसले. तू बाकीच्यांना बसू दिलंस आणि आपण नाही बसलीस."

"उपचार आहे. तुझं वय लहान आहे, एक रेघही नसेल अजून. वर्षा-दोन वर्षांत परत उडशील. मी डॉक्टरांशी बोलले आहे."

"माझ्याआधी डॉक्टरांशी बोललीस."

ती उठली आणि दार उघडून उभी राहिली. त्रिशला उंबऱ्यापाशी थांबली, काहीतरी बोलावं म्हणून. ऋजुतानं तिच्या डोक्यावरून बाहेर बघितलं.

"मला माहीत करून घ्यायचंय का, हे चार वर्षांत कुणीच विचारलं नाही," ती म्हणाली. "बाबांनी विचारलं नाही आणि तूही नाही. जा आता."

त्याच दुपारी ऋजुतानं कंपनीला कळवून स्वतःला उड्डाणांतून बाजूला काढलं. आठवड्याभरात तिनं न्यायाधिकरणात दोन तक्रारी दिल्या. एक बापाविरुद्ध, आपल्या परवानगीशिवाय आपलं वाचन केल्याबद्दल. दुसरी आत्याविरुद्ध, कलम नऊचा भंग करून माहिती दिल्याबद्दल. सरकारी नोकर असल्यामुळं त्रिशलाला लगेच निलंबित केलं. यार्डात म्हणे त्या दिवशी पेढे वाटले गेले.

सन्मतीनं वकील केला, पण पहिल्याच तारखेला ब्रशची गोष्ट कबूल केली. त्याचा नकाराचा हक्क गोठवला गेला आणि ऋजुताचं वाचन तिच्या आईच्या एका होकारावर झालं. त्या बातम्या त्रिशलाला डॉक्टर जमादारांकडून तुकड्यातुकड्यांनी कळत. नोव्हेंबरमध्ये ती तपासणीला गेली, तेव्हा बाकावर सन्मती बसलेला होता. आता तोही रुग्ण होता आणि त्याला मुलीबरोबरच बहिणीचाही होकार लागणार होता. फॉर्म त्याच्या हातात होता. त्यानं तो पुढं केला नाही, नुसता बाकावर दोघांच्या मधे ठेवला. त्रिशलानं तो घेतला, सही केली आणि परत तिथंच ठेवला.

"तिनं फोन घेणं बंद केलंय माझा," तो म्हणाला.

"माझाही."

"तू बोलली नसतीस तर," तो म्हणाला आणि थांबला.

"मी तेव्हाच बोलले असते तर," ती म्हणाली.

 आधी त्याचं नाव पुकारलं गेलं. तो उठताना बाकाला धरून उठला, हे तिनं बघितलं. पण ती हात द्यायला उठली नाही.

डिसेंबरात तिला लेखी उत्तर द्यायला बोलावलं. न्यायाधिकरणाची कचेरी एका जुन्या सरकारी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होती. जिना ती न थांबता चढली आणि वर गेल्यावर ते तिच्या लक्षात आलं. वकील केला नव्हता. एका वकिलानं सुचवलं होतं, की आत्यानं भाचीचा जीव वाचवण्यासाठी कायदा मोडला असं मांडता येईल. लोकांची सहानुभूती मिळेल, नोकरीही वाचेल. तिनं नको म्हटलं होतं.

खिडकीतल्या लिपिकानं छापील कागद दिला. 'आरोप मान्य / अमान्य'. खाली खुलाशासाठी चार ओळी. त्रिशलानं 'मान्य'वर खूण केली आणि उभ्याउभ्याच लिहिलं:

'मला १४ जूनला कळलं, मी २३ सप्टेंबरला सांगितलं. सांगण्यात माझी चूक नाही. मधल्या एकशे एक दिवसांत मी सांगितलं नाही, ती चूक आहे. त्यासाठी कलम शोधलं, सापडलं नाही. असल्यास तेही लावावं.'

लिपिकानं कागद वाचला, मान वर करून तिच्याकडं बघितलं.

"मॅडम, हे असलं इथं लिहायचं नसतं. आरोपापुरतंच लिहा. दुसरा फॉर्म देऊ?"

"नको," त्रिशला म्हणाली. "ह्याच्यावरच शिक्का मारा."